आईच्या आठवणीत जुना पीसी चालवायचाय, पण लाइट बिलाचं काय?

मुलुंडची_लेक
आई कॅन्सरने गेली. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर (लोकांच्या घरच्या पीसींवर संशोधनाची गणितं सोडवणारा उपक्रम) कॅन्सर मार्कर्स, म्हणजे कॅन्सर ओळखायच्या खुणा, शोधायचं जे काम चालतं, त्यासाठी घरचा पीसी लावायचा असं तेव्हापासून मनात आहे. पीसी बाबांचा आहे: आय५-२४०० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबीची एकच रॅम. दुकानदार म्हणतो एसएसडी आणि सेकंडहँड ग्राफिक कार्ड टाका, झालं. आमचे महिन्याला साधारण २६० युनिट पडतात. दिवसरात्र चालवला तर बिल कुठे जाईल? आणि नक्की बदलू काय?

गिरगावचा_वायरमन
ताई, आधी ग्राफिक कार्डाचे पैसे वाचवा. तुम्हाला हवं ते काम प्रोसेसरवरच चालतं, कार्ड नुसतं वीज खात बसेल. आइन्स्टाइन अ‍ॅट होम या तशाच प्रकल्पावर पल्सार (वेगाने फिरणारे मृत तारे) शोधायचे असते तर मी स्वतः कार्ड घ्या म्हटलं असतं. एसएसडीने पीसी लवकर सुरू होईल, गणित लवकर सुटणार नाही.

आता बिल. माझ्याकडेही आय५-२४०० होता. प्लगला मीटर लावून मोजला, प्रोसेसरचे चारही कोअर (गणित करणारे भाग) कामाला लागले की ११८ वॅट. महिनाभर अखंड चालवला तर ८५ युनिट. तुमचे २६० धरले तर ३४५ होतात, म्हणजे ३०० च्या वरचे ४५ युनिट पुढच्या स्लॅबच्या महाग दराने लागणार.

पण नुसते वॅट बघू नका. एका कामाला, म्हणजे ग्रिडकडून येणाऱ्या गणिताच्या एका तुकड्याला, किती वीज लागली ते बघा. जुन्यावर चार कामं एकदम, तीन तासांत पूर्ण व्हायची: एका युनिटमध्ये ११ कामं. नंतर मी रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घेतला आणि बायोसमध्ये (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ४५ वॅटची मर्यादा घातली. आता बारा कामं एकदम, अडीच तासांत, मीटरवर ७८ वॅट: एका युनिटमध्ये ६१ कामं. त्याच विजेत साडेपाच पट. ३० वर्षं वायरिंग केलं, पण हा आकडा कागदावर मांडला त्या रात्री मला झोप लागली नाही.

कॅबिनेट, मॉनिटर, हार्ड डिस्क तीच ठेवा. बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर४ रॅमच्या दोन पट्ट्या घ्या, जुनी डीडीआर३ त्यात बसत नाही. एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणारा डबा) काटकसर नको, ८० प्लस ब्रॉन्झचा, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा घ्या. लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा दोन-तीन दुकानांत भाव विचारा.

चेंबूरकर_९७
एवढा खर्च झेपत नसेल तर सेकंडहँड आय७-३७७० त्याच सॉकेटमध्ये बसतो. चार कोअर, आठ थ्रेड (म्हणजे एकदम आठ कामं), ७७ वॅटचा. मी एच६१ वरच लावलाय. फक्त जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करा, नाहीतर स्क्रीन काळीच राहते, माझा अख्खा रविवार त्यात गेला. रॅमची दुसरी पट्टी नक्की घाला, आठ कामांना ४ जीबी अपुरी पडते.

गिरगावचा_वायरमन
बरोबर आहे, पण प्रोसेसर २०१२ चा, फरक माफकच पडेल. ताईंनी थांबून पैसे साठवावेत असं मला वाटतं.

तोवर जुनाच चालवायचा तर रात्री दहा तास, चारही कोअरवर, आणि सकाळी पूर्ण बंद. दोनच कोअर लावून दिवसभर ठेवू नका. माझा तो पीसी नुसता बसून ४२ वॅट घ्यायचा, तो भार थोड्याच कामांवर पडतो. परदेशातली माणसं लिहितात की थंडीत खोली उबदार राहते. आपल्याकडे मे महिन्यात तीच ऊब पंख्याला बाहेर ढकलावी लागते, म्हणून मी मेमध्ये बंदच ठेवतो. कधी काम मिळालं नाही तर पीसी रिकामा बसू नये म्हणून बॉइंकमध्ये (ही कामं चालवणारं सॉफ्टवेअर) दुसरा एखादा प्रकल्प रिसोर्स शेअर (पीसीच्या वेळेतला वाटा) शून्य ठेवून जोडा. पहिल्याकडे काम नसेल तेव्हाच तो घेतो.

मुलुंडची_लेक
काका, खूप आभार. कार्ड रद्द. दिवाळीपर्यंत पैसे साठवते, तोवर रात्रीचे दहा तास. बाबा म्हणाले, त्यांच्या पीसीचं कॅबिनेट तेवढं बदलू नकोस, त्यावर आईने लावलेला गणपतीचा स्टिकर आहे.

गिरगावचा_वायरमन
कॅबिनेट राहू द्या, नवा बोर्ड मायक्रो-एटीएक्स (छोट्या मापाचा) घ्या म्हणजे बसेल. आणि आज सुरू करण्याआधी प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, पंख्यातली धूळ ब्रशने काढा. मग मीटर लावून आकडा इथे कळवा.