वापरलेला पाठीवरचा ब्लोअर घेताना काय तपासावे? (इंदूर)

प्रश्न – सुदामानगरकर

नमस्कार. इंदुरात सुदामानगर भागातील आमच्या वसाहतीच्या बागेची आणि आतल्या रस्त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. फाल्गुन लागला की कडुनिंब आणि पिंपळ पाने टाकू लागतात आणि सकाळी झाडलेला रस्ता दुपारपर्यंत पुन्हा पिवळा होतो. झाडणाऱ्या दोन मावशींपैकी एकीचा खांदा आता दुखू लागला आहे, म्हणून हवेच्या झोताने पाने उडवणारा, पाठीवर घ्यायचा पेट्रोल ब्लोअर घेण्याचे आम्ही ठरवले आहे. एका बागकाम कंत्राटदाराकडे तीन हंगाम वापरलेले, साधारण ६५ सीसीचे टू-स्ट्रोक यंत्र आहे आणि तो १८,००० रुपये मागतो आहे. यंत्र बाहेरून स्वच्छ आहे, परंतु इंजिनातले मला काही कळत नाही. कोणता दोष दिसल्यास सरळ परत फिरावे?

उत्तर – माळवा मेकॅनिक

मी पॉवर स्प्रेअर आणि ब्रश कटर दुरुस्त करतो. ब्लोअरचे इंजिन त्याच जातीचे असते. आधी एक गोष्ट पक्की करा: रबराचा दोष स्वस्तात निघतो, धातूचा निघत नाही. पेट्रोलची नळी कडक झाली असेल, प्रायमरच्या फुग्याला (सुरू करण्यापूर्वी दाबून पेट्रोल ओढायचा रबरी फुगा) चीर गेली असेल किंवा कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पडदा आखडला असेल, तर तो भाव कमी करण्याचा मुद्दा आहे, यंत्र नाकारण्याचा नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते. ते हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे टाकीत पेट्रोल तसेच ठेवून पावसाळाभर पडून राहिलेल्या यंत्रात हे दोष हमखास सापडतात.

पिस्टन आणि सिलिंडर यांचे मात्र तसे नाही. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. बहुतेक आधुनिक यंत्रांना ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणजे लिटरला २० मिली, हे प्रमाण चालते. एखाद्या कामगाराने घाईत एकदा जरी नुसते पेट्रोल भरून पूर्ण वेगात यंत्र चालवले, तरी काही मिनिटांत पिस्टन घासला जाऊ शकतो आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून यंत्र थंड असताना सायलेन्सर खोलायला सांगा, दोरी हळूच ओढून पिस्टन खाली-वर करा आणि धूर बाहेर पडण्याच्या तोंडातून बॅटरीच्या उजेडात त्याची बाजू पाहा. ती गुळगुळीत असावी. उभ्या रेघा नखाला लागत असतील, तर भाव कितीही उतरला तरी घेऊ नका. सायलेन्सर खोलू न देणाऱ्याकडूनही घेऊ नका.

फोर-मिक्स प्रकारच्या इंजिनाला ऑइल मिसळलेलेच पेट्रोल लागते, पण त्यात व्हॉल्व्ह असल्यामुळे त्या तोंडातून पिस्टन दिसत नाही. तेथे प्लग काढून वरून पाहावे लागते आणि व्हॉल्व्हची फट मोजून घ्यावी लागते.

उत्तर – राजवाडा ते रामबाग

मेकॅनिक साहेबांच्या म्हणण्यात एक भर घालतो. जाण्यापूर्वी विक्रेत्याला फोन करून सांगा की, मी येईपर्यंत यंत्र सुरू करू नका. पोहोचल्यावर सिलिंडरला हात लावून ते गार असल्याची खात्री करा, कारण गरम इंजिन एका ओढीत सुरू होते आणि खरी अडचण झाकली जाते. नंतर पाच-सात मिनिटे पूर्ण वेगात चालवून बंद करा आणि लगेच पुन्हा सुरू करून पाहा. गरम असताना हटून बसणाऱ्या यंत्राची कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणारा भाग) किंवा कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) संशयास्पद असते. यंत्र पाठीवर घेऊनच चालवा. पंख्याचे पाते तुटलेले असेल, तर त्याची थरथर पाठीला लगेच कळते.

उत्तर – बंगल्यातली बाग

यंत्रासोबत कान झाकणारे मफ आणि डोळ्यांवरचा चष्मा पहिल्याच दिवशी घ्या. मावशींच्या खांद्यासाठी यंत्र आणायचे आणि त्यांच्या कानांना इजा होऊ द्यायची, असे होऊ नये. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि हे यंत्र त्याहून पुष्कळ मोठा आवाज करते. त्यामुळे कामाची वेळ शेजाऱ्यांशी बोलून ठरवा.

सुदामानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी गेलो. फोन करूनही सिलिंडर कोमट लागला, म्हणून मी दीड तास थांबलो. त्यानंतर यंत्र नवव्या ओढीला सुरू झाले आणि पूर्ण वेगात आवाज मध्येच बसत होता. ते पुरते गार झाल्यावर कंत्राटदाराने स्वतःच पाना आणून सायलेन्सर खोलला. पिस्टनवर तीन उभ्या रेघा होत्या, आणि आगपेटीतल्या काडीचे टोक त्यांच्यावरून फिरवले तर ते अडकत होते. त्या पाहून तोही गप्प झाला; मागच्या हंगामात नवीन मुलाने एकदा साधे पेट्रोल भरल्याचे त्याला तेव्हा आठवले. त्याने भाव ११,००० पर्यंत उतरवला, पण मी यंत्र घेतले नाही. त्याच्याकडे दुसरे, थोडे जुने यंत्र आहे. ते पुढच्या रविवारी पाहायचे ठरले आहे आणि त्या दिवशी माझ्यासमोरच सुरू करण्याचे त्याने कबूल केले आहे.