गाणं लागलं की घर थांबायचं

परवा कपडे वाळत घालताना ‘आभाळमाया’चं शीर्षकगीत गुणगुणत होते. मालिका १९९९ची, अल्फा मराठीवरची. तिची कथा आता धड आठवत नाही, गाणं मात्र अजून पाठ आहे. शब्द मंगेश कुळकर्णींचे, चाल अशोक पत्कींची, आवाज देवकी पंडितांचा. तो आवाज आला की आई कणकेचे हात धुवून बाहेर यायची. ती गेल्यावर बरेच दिवस मला ते ऐकवेना. आता ऐकते. मालिकेसाठी, सिनेमासाठी किंवा एखाद्या चांगल्या कामासाठी केलेलं असं कुठलं गाणं तुमच्या घरात राहून गेलंय? सवडीनं लिहा.

— ठाणे

आमच्याकडे ‘गोट्या’. मधुकर आरकडे यांचं ‘बीज अंकुरे अंकुरे’, चाल पुन्हा पत्कींचीच. अण्णा टीव्हीला नाक मुरडायचे, पण या गाण्याच्या वेळी अंगणातून विचारायचे, “झालं का रे सुरू?” पुढे पावसानं ओढ दिली की उगवण बघायला जाताना बांधावरून तेच पुटपुटत चालायचे.

— तासगाव

वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही भिलाईत. १५ ऑगस्ट १९८८ला दूरदर्शनवर ‘मिले सुर’ आलं. भीमसेनजींचा पहिला सूर लागला की आई म्हणायची, “आपले आले.” मग मराठी ओळीची वाट बघायची, लोकलमधली तनुजा दिसेपर्यंत. शेजारचे बंगाली काका आणि तेलुगू अम्मा आमच्याच सतरंजीवर बसून आपापल्या ओळीची वाट बघत. याची चालही पत्कींची, हे मला फार उशिरा कळलं.

— भिलाई, आता पुणे

मी पुणतांब्याची. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, आमच्या गावचे. चीनच्या युद्धानंतर २७ जानेवारी १९६३ला लताबाईंनी दिल्लीत ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायलं, ती चाल त्यांची. कवी प्रदीप यांनी गाण्याची रॉयल्टी युद्धविधवांसाठी दिली. शाळेत गाणं बसवताना हे मी मुलांना आधी सांगायची, मगच पेटी उघडायची.

— निवृत्त शिक्षिका

माझं एक गाणं नाही, एक संध्याकाळ आहे. आमच्या तालुक्याच्या गावी ‘स्वरानंदवन’चा कार्यक्रम झाला. वरोऱ्याच्या आनंदवनातला हा वाद्यवृंद डॉ. विकास आमटे यांनी उभा केलेला. त्यात कुष्ठमुक्त, अंध, अपंग असे कलाकार. गाणी सगळी आपल्या ओळखीची, सिनेमातली.

माझ्या चुलत आजोबांना महारोग झाला होता. त्यांना मळ्यातल्या झोपडीत ठेवलं होतं, भाकरी लांबून ठेवायचे. घरात त्यांचं नाव काढायची चोरी. वडील तेव्हा लहान होते, भाकरी न्यायचं काम त्यांच्याकडे.

कार्यक्रमभर वडील मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, आणलं हे चुकलंच. शेवटी देणगीची पेटी फिरली, त्यांनी पाकिटातलं होतं नव्हतं ते सगळं टाकलं आणि मंचामागे गेले. एक वयस्कर कलाकार बसले होते, हाताची बोटं झडलेली. वडिलांनी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. “गाव कोणतं म्हणायचं आपलं?” बोलणं सुरू झालं. चहा आला. एकाच बशीतली बिस्किटं दोघं खात होते.

परतताना एसटीत वडिलांनी आजोबांच्या त्या भावाचं नाव घेतलं. मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

— यवतमाळ जिल्हा