मदत हवी आहे: मॉक ड्रिलमध्ये लेकीला वर्गातच बसवून ठेवलं, शाळेशी कसं बोलू?

नमस्कार. आम्ही ऐरोलीत राहतो. लेक सहावीत आहे, मराठी माध्यमात. तिला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. घरात वॉकरवर चालते, शाळेत व्हीलचेअर लागते. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, पण शाळेत लिफ्ट असल्यामुळे आजवर त्याचं काही वाटलं नव्हतं. शाळेचं नाव लिहीत नाही. मला भांडायचं नाही, मार्ग हवा आहे.

गेल्या मंगळवारी शाळेत आगीची मॉक ड्रिल झाली. लांब घंटा वाजली, दप्तरं जागेवर ठेवून मुलं रांगेत उतरली. लिफ्ट बंद केली होती, ते बरोबरच आहे. बाई लेकीला म्हणाल्या, "तू बस गं बाळा, हे काही खरं नाहीये." सोबत मावशी थांबल्या होत्या, पण थोड्या वेळाने त्यांनाही खालून हाक आली. मग ही एकटीच खिडकीशी चाक लावून मैदान बघत बसली. खाली माइकवरून एकेका वर्गाचा आकडा सांगत होते. हिच्या वर्गाची पाळी आली तेव्हा "सहावी ब, 42, सगळे आले" असं तिने वरून ऐकलं.

घरी आल्यावर तिने मला विचारलं, "आई, मी तर वर होते. मग 42 कसे झाले?"

तेव्हापासून माझ्या डोक्यातून हा आकडा जात नाही. खरी आग असती आणि बंबवाल्यांनी आल्याआल्या विचारलं असतं, आत कोणी राहिलंय का, तर आमच्या शाळेने "कोणी नाही" असं सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांना भेटले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, वेळ आलीच तर शिपाईमामा उचलून आणतील. पण मामा साडेबाराला पहिली-दुसरीची मुलं सोडायला फाटकावर असतात, ते मी रोज बघते. निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या ड्रिलला तिला नाही पाठवलंत तरी चालेल, हजेरी लावू." त्या चांगल्या मनाने म्हणाल्या हे मला कळतं. तरी रिक्षात बसल्यावर डोळे भरून आले.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तिला जिन्यावरून उतरवायची योग्य पद्धत कोणती? शाळेला लेखी काय द्यावं? आणि वर्ग तळमजल्यावर आणा असा आग्रह धरावा का? शाळा रबाळे एमआयडीसीच्या बाजूला आहे, त्यामुळे वायुगळतीचीही भीती असते.

कळव्याची मास्तरीण: ताई, मी 19 वर्षं शिकवते आहे आणि वाचून मान खाली गेली. मागच्या वर्षी पायाला प्लास्टर असलेल्या एका मुलाला मीही असंच वर्गात बसवलं होतं. का, ते सांगते. ड्रिलला आमच्याकडे घड्याळ लावतात आणि मैदान किती मिनिटांत भरलं त्यावर कौतुक होतं. त्या घाईत बाई हजेरी घेत नाहीत, पाठ असलेला पटाचा आकडा सांगून मोकळ्या होतात. पट आणि त्या दिवशीची हजेरी यात फरक असतो, हेसुद्धा तेव्हा सुचत नाही. शाळेत एवढं एकच मागा: वर्गशिक्षिकेने हजेरीपत्रक काखेत घेऊनच उतरायचं आणि मैदानात नावं घ्यायची. आकडा सांगताना "41 खाली, एक तिसऱ्या मजल्यावर जिन्यापाशी, सोबत अमुक बाई" असं सांगायचं. याला पैसा लागत नाही.

जुना_बंबवाला: अग्निशमन दलातून निवृत्त झालो आहे. तुमच्या लेकीने जे विचारलं तेच आम्ही विचारायचो.

जिन्याचं सांगतो. शेकडो मुलं धावत उतरत असताना तिला त्या गर्दीत उचलून नेऊ नका, दोघंही पडतील. ज्या बाजूला धूर नाही त्या जिन्याजवळ दोन मोठ्या माणसांनी तिला घेऊन थांबायचं आणि गर्दी सरली की उतरायचं. धूर तिकडे येतोय असं दिसलं तर थांबू नका, निघा. व्हीलचेअर वर राहिली तरी चालेल, मूल खाली आलं पाहिजे. लिफ्ट नको म्हणतात कारण वीज गेली तर ती मध्येच अडकते आणि तिच्या पोकळीतून धूर वर चढतो.

"मामा उचलतील" ही योजना नव्हे. वेळापत्रक समोर ठेवून प्रत्येक तासाला त्याच मजल्यावर असणाऱ्या दोघांची नावं लिहा आणि त्यांना बदली दोघं ठेवा. त्यांनी आधी तेवढ्याच वजनाचं तांदळाचं पोतं चादरीत घालून तीन मजले उतरवून बघावं. मुलीवर पहिला प्रयोग करायचा नाही.

तुमच्या भागातल्या अग्निशमन केंद्रात जा आणि पुढच्या ड्रिलला कोणीतरी या म्हणून सांगा. 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. 1944 साली 14 एप्रिललाच मुंबई गोदीत स्फोट झाला आणि आमच्या खात्याची 66 माणसं गेली. त्या आठवड्यात शाळांसाठी कार्यक्रम होतात, पण तेवढ्यावर थांबू नका. आणखी एक, 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. शाळेचा ताजा फॉर्म दाखवा, असं विचारायला पालकांनी संकोच करू नये.

वर्ग खाली आणणं आगीच्या दृष्टीने नक्कीच चांगलं. मात्र वायुगळतीला नियम उलटा होतो. तेव्हा मुलांना मैदानात आणायचंच नाही. दारं-खिडक्या लावायच्या, पंखे-एसी बंद, फटींना ओले कपडे. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. अशा वेळी तिसरा मजला मैदानापेक्षा बरा. दोन्ही ड्रिल वेगळ्या आणि दोन्हींच्या घंटाही वेगळ्या असायला हव्यात.

सांजवात: माझा मुलगाही सीपी आहे, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. ताई, घंटेचा विचार केलात का? अचानक मोठा आवाज झाला की आमची मुलं दचकतात आणि अंग ताठ होतं. ताठ झालेलं मूल उचलायला गेलं की हातातून निसटतं. आमच्या फिजिओने शिकवलं आहे की आधी नाव घेऊन शांतपणे सांगायचं, मग गुडघे आणि कंबर वाकवून, अंगाशी धरून उचलायचं. काखेत हात घालून ओढायचं नाही. हे शाळेत कोणाला माहीत असणार? तुमच्या फिजिओला एक दिवस शाळेत न्या.

खाडीपलीकडे: अर्जात दोन आधार घाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 8: आपत्तीत दिव्यांगांना इतरांइतकंच संरक्षण. त्याच कलमात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची असंही आहे. ऐरोली ठाणे जिल्ह्यात, म्हणजे एक प्रत ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाचा. 2004 साली कुंभकोणमच्या शाळेत आग लागून 94 मुलं गेली, त्यानंतर 2009 मध्ये अविनाश मेहरोत्रा खटल्यात शाळांच्या अग्निसुरक्षेचे आणि शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे आदेश दिले गेले. शब्द नम्र ठेवा, पण पोच घेतल्याशिवाय उठू नका.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरीणबाई, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत म्हणून मला आमच्या बाईंचीही बाजू कळली.

अर्ज दिला, पोच घेतली. त्याआधी शनिवारी आमच्या सोसायटीच्या जिन्यावर तालीम केली. पोत्यानंतर लेक हट्टाने म्हणाली, आता मला न्या. तिचे बाबा आणि शेजारचे काका यांनी हातांची बैठक करून तिला एकच मजला उतरवलं. वळणावर तिचा कोपर कठड्याला घासला. खाली आल्यावर तिने वही मागितली आणि स्वतः लिहिलं: "मला आधी सांगा. काखेत धरू नका. वळणावर हळू. चष्मा काढून माझ्या हातात द्या." चष्म्याचं आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तो कागद लॅमिनेट करून व्हीलचेअरच्या मागे लावला आहे आणि एक प्रत अर्जाला जोडली.

मुख्याध्यापिकांनी तो कागद दोनदा वाचला. हजेरीपत्रकाचं लगेच मान्य केलं. पुढची ड्रिल महिन्याभरात घेणार आहेत आणि लेक त्यात असणार आहे. प्रत्येक तासाच्या दोन नावांवर मात्र गाडी अडली आहे. चौथ्या तासाला त्या मजल्यावर एकच बाई असतात आणि त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं आहे. वर्ग खाली आणायचं जूनमध्ये बघू म्हणाल्या.

म्हणून आता एवढंच विचारते. जिन्यावरून घसरत उतरणारी इव्हॅक्युएशन चेअर एका माणसाला खरंच झेपते का? ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणत्या शाळेत किंवा ऑफिसात ती वापरात असेल तर प्रत्यक्ष बघायला येईन. आमच्या जिन्याची रुंदी टेपने मोजून आणली आहे, कठड्यापासून भिंतीपर्यंत 4 फूट 2 इंच, मध्ये एक वळण.