मदत हवी आहे : मुलाला १८ पूर्ण होताहेत, कायदेशीर पालकत्व कसं घेतलंत?

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. माझा मुलगा जानेवारीत १८ वर्षांचा होईल. त्याला ऑटिझम आहे, सोबत बौद्धिक अक्षमता. यूडीआयडी कार्डावर (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) ७० टक्के दिव्यांगत्व आहे. बोलतो मोजकंच, पण चित्रांची कार्डं दाखवून, हाताला धरून नेऊन त्याला काय हवंय ते बरोबर सांगतो.

मागच्या महिन्यात त्याच्या खात्याच्या कामासाठी आम्ही दोघं बँकेत गेलो होतो. साहेब म्हणाले, "मॅडम, १८ झाले की तुमची सही चालणार नाही. त्याची सही नाहीतर पालकत्वाचा कागद लागेल." माझा लेक स्वतःचं नाव लिहितो. शिकवायला आठ वर्षं लागली. पण अक्षर रोज वेगळं येतं, कधी काना राहतो. तिथे त्याने आपणहून पेन घेऊन नाव लिहिलं आणि साहेबांनी न बघताच कागद परत सरकवला. ते अजून मनातून जात नाही.

त्यानंतर मी बरंच वाचलं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. कोर्टात जावं लागत नाही. हे प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवलेलं आहे, त्यामुळे बँकेचं काम त्यावर होईल. पालक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा, त्याचीही तयारी आहे.

दुसरा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. त्यात मर्यादित पालकत्व आहे : ठरावीक मुदतीपुरतं, ठरावीक निर्णयापुरतं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेने चालणारं. (दोन्ही कायद्यांत हे कलम १४ च आहे, त्यामुळे बोलताना फार घोळ होतो. उत्तर देताना कुठला कायदा ते लिहा.)

मी अडलेय ती इथे. तो जातो त्या दिव्यांग मुलांच्या कार्यशाळेत त्याला मेणबत्त्यांच्या कामाला बसवलं, तर तीन दिवस तो उठून कागदी पिशव्यांच्या टेबलाशी जाऊन बसत राहिला. शेवटी तेच काम दिलं, आणि आता तो दोन-दोन तास मन लावून पिशव्या चिकटवतो. त्याला मत आहे. बँकेसाठी मला १९९९ च्या कायद्याचं पूर्ण पालकत्व लागेलसं दिसतंय, पण त्या एका कागदाने उद्या कुणी त्याला काही विचारूच नये, असं व्हायला नको. ज्यांनी हे घेतलंय त्यांनी मुलाचं "हो-नाही" कागदावर कसं राखलं? अर्जासोबत त्याच्या आवडीनिवडी, नकार दाखवायची त्याची पद्धत असं काही लिहून दिलंत का?

समितीपुढे मुलाला नेलंत तेव्हा काय केलंत, तेही सांगा. गर्दी आणि पंख्यांचा आवाज त्याला सोसत नाही, कानावर हात ठेवून खाली बसतो. लवकरची वेळ मागून मिळाली का कुणाला?

आणि आमच्यानंतर कोण? ह्यांना ५८, मला ५२. मुलगी २१ ची आहे, पुण्यात शिकते. बहीण-भाऊ म्हणून दोघांचं फार गूळपीठ आहे, पण तिचं नाव कागदावर घालू का, हे तिला कसं विचारावं तेच सुचत नाही. तिने नको म्हटलं तरी मनात किंतू राहू नये, असं विचारायचंय. ज्यांनी भावंडांशी हे बोलणं केलंय, त्यांनी कृपया सुरुवात कुठून केली ते लिहा. ती दिवाळीला घरी येतेय.