मदत हवी आहे: बुद्धिबळ कट्ट्यासाठी चेस डॉट कॉम की लीचेस? मुलं जागा सोडायला तयार नाहीत

नमस्कार मंडळी,

तासगावजवळच्या आमच्या गावात वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही दर रविवारी सकाळी बुद्धिबळ खेळतो. चौदा-पंधरा शाळकरी मुलं, तीन-चार निवृत्त मंडळी आणि मी. पट मांडणं, घड्याळं लावणं, जोड्या पाडणं हे माझ्याकडे. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, त्यानंतरच्या रविवारी पाच नव्या मुली आल्या, त्या अजून टिकून आहेत. पावसाळ्यात खोली गळते, म्हणून यंदा बुधवारी संध्याकाळी ऑनलाइन स्पर्धा घ्यायचं ठरवलं. पण चेस डॉट कॉम की लीचेस, बुद्धिबळाच्या या दोन साइटपैकी कुठे, तिथेच गाडी अडली.

शिवाय आमच्यात तेवीस वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही. त्याचा पट वेगळा असतो. काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, मोहऱ्याच्या बुडाला खुंटी, आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टाचणीसारखं टोक. बोटं सारखी पटावरून फिरत असतात, आणि समोरच्यानं चाल मोठ्यानं सांगायची असते. ऑनलाइन तो लीचेसवर रमलाय, कारण तिथे स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे. चाल टाइप करायची, समोरच्याची चाल कानात ऐकू येते. समोर बसलेल्याला कळतही नाही की हा न बघता खेळतोय. "इथं कुणी माझ्यासाठी हळू खेळत नाही," असं तो मला एकदा म्हणाला.

त्याच्यामुळे मी लीचेस धरलं. शिवाय पैशाचा प्रश्न नाही. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं २०१० मध्ये सुरू केलेली ही साइट देणग्यांवर चालते, जाहिरात नाही, कोडी कितीही सोडवा, डावाचं संगणकाकडून विश्लेषण फुकट, आपला संघ करून स्पर्धाही फुकट. मला वाटलं, पालक खूश, मुलं खूश.

पहिल्या बुधवारी ११ जण आले, दुसऱ्या बुधवारी ७, तिसऱ्या बुधवारी ४. बाकीची मुलं परत चेस डॉट कॉमवर. मी रागावलो नाही, एकेकाला विचारलं.

नववीतला एक मुलगा आहे. चेस डॉट कॉमवर खातं उघडताना तुम्ही नवखे की मुरलेले हे विचारतात आणि त्याप्रमाणे सुरुवातीचा आकडा (रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा अंदाज) देतात. यानं नवखा म्हणून सुरुवात केली आणि वर्षभर झुंजून ८७० पर्यंत आला. लीचेसवर सगळ्यांना सरसकट १५०० पासून सुरुवात. हा पहिले सात डाव हरला आणि १२१० वर आला. आकडा ८७० पेक्षा मोठाच आहे ना! मी तसं समजावलंही. तो म्हणाला, "काका, तिकडं मी चढलोय. इकडं पडलोय." मला यावर उत्तर सुचलं नाही.

मुलींचं कारण वेगळं. चेस डॉट कॉमवर डाव संपला की परीक्षण येतं, चांगल्या चालीला निळी-हिरवी खूण, फारच सुंदर चाल असेल तर दोन उद्गारचिन्हं. फुकट खात्यावर ते दिवसाला एकदाच बघता येतं, म्हणून त्या दिवसभरातला सगळ्यात चांगला डाव निवडून ठेवतात आणि रात्री ते उघडतात. एकीनं तिच्या दोन उद्गारचिन्हांचा फोटो मला दाखवला. वजीर देऊन चार चालीत मात होती, खरंच सुंदर. लीचेसवर घोडचूक कुठे झाली ते अचूक कळतं, पण कौतुक करणारं कुणी नाही.

आणि आमचे एक काका. त्यांचा बेळगावच्या साडूंशी कायम एक डाव चालू असतो, एका चालीला तीन दिवसांची मुदत. पूर्वी हे दोघे पोस्टकार्डावर खेळायचे. लीचेसवरही असा डाव खेळता येतो, पण साडूंचं खातं पुण्यातल्या नातवानं उघडून दिलंय, पासवर्ड त्याच्याकडे, आणि नवीन काही उघडायला ते तयार नाहीत. साडू नाहीत तर काकाही नाहीत.

प्रश्न असा: तुम्ही एकाच जागी का टिकलात? आणि कुणी अख्खा गट एकीकडून दुसरीकडे नेलाय का, कसा? दोन ठिकाणी दोन स्पर्धा ठेवता येतील, पण मग स्क्रीन रीडरवर खेळणारा तो मुलगा तीन म्हाताऱ्यांबरोबर एकटा पडेल. ते मला नको आहे.

अडीचघर: त्या नववीतल्या मुलाचं म्हणणं अगदी बरोबर आहे. लीचेसची रेटिंग मोजायची पद्धत ग्लिको-२. नव्या खेळाडूबद्दल अंदाज कच्चा असतो, म्हणून सुरुवातीला आकडा जोरात हलतो आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह दिसतं. दोन्हीकडचे खेळाडू वेगळे, त्यामुळे ८७० आणि १२१० यांची तुलना होत नाही. पण हे गणित मुलाला सांगून उपयोग नाही. त्यापेक्षा स्पर्धा तयार करताना ती 'रेटेड' (निकालावरून रेटिंग बदलणारी) ठेवू नका, आणि प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन रेटिंग दाखवणं बंद करा, तशी सोय आहे. महिनाभर आकडा कुणालाच दिसू देऊ नका.

न्यू जर्सीचा पटवेडा: १९९५ साली मी अमेरिकेत विद्यार्थी होतो. बुद्धिबळाचा फुकट चालणारा सर्व्हर त्या वर्षी इंटरनेट चेस क्लब झाला आणि सभासदांकडून वर्गणी घेऊ लागला. काही जणांनी त्याच वर्षी फ्री इंटरनेट चेस सर्व्हर उभा केला. आम्हा चौघांत खूप वाद झाला, पण शेवटी ज्याचा रोजचा जोडीदार जिकडे गेला तिकडे तो गेला. पैसे हे कारण कुणाचंच नव्हतं. पुढे मी चेस ट्वेंटीफोर या साइटवर रमलो. २०२२ मध्ये चेस डॉट कॉमनं ती कंपनी घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथला खेळ थांबला. डाव उतरवून घेतले, ते आजही माझ्याकडे आहेत, पण रात्री अकराला हमखास भेटणारे तिघे पुन्हा सापडले नाहीत. तुम्ही मुलांना एकेकटं बोलावताय. जोडीनं बोलवा. प्रत्येक मुलाला एक जण असतोच ज्याला त्याला हरवायचं असतं. त्या दोघांना एकत्र आणा, बाकीचे मागून येतील.

सईची_आई: मुलींना त्यांचं खातं सोडायला सांगू नका, फक्त बुधवार तुमचा ठेवा. आणि तिकडचा डाव पीजीएन (चालींची नोंद असलेली फाइल) म्हणून उतरवून लीचेसच्या 'स्टडी'मध्ये टाकता येतो. माझ्या मुलीचे आवडते डाव आम्ही तिथे एकत्र ठेवलेत, ती त्यावर स्वतःच शेरे लिहिते. कौतुकाचं म्हणाल तर ते तुम्हीच करा. दर रविवारी आठवड्यातली सगळ्यात सुंदर चाल मोठ्या पटावर मांडायची आणि जिची असेल तिनं ती समजावून सांगायची. यंत्राच्या दोन उद्गारचिन्हांपेक्षा मुलींना हे जास्त आवडेल असं मला मनापासून वाटतं.

धागाकर्ता: तिघांचेही फार आभार. सांगितलेलं सगळं केलं. रेटिंग झाकलं, १० मिनिटं अधिक प्रत्येक चालीला ५ सेकंद अशी वेळ ठेवली, नववीतल्या त्या मुलाला त्याच्या नेहमीच्या प्रतिस्पर्ध्यासकट बोलावलं. काल ९ जण होते. शेवटच्या फेरीत नेमकी त्याची आणि खुंट्यांच्या पटावर खेळणाऱ्या आपल्या त्या मुलाची जोडी पडली. हत्ती आणि दोन प्याद्यांचा शेवट, चाळीसेक मिनिटं... नाही, घड्याळानं तेवढी वेळ दिली नसती, पण मला तेवढी वाटली. बरोबरी झाली. डाव संपल्यावर नववीतल्यानं मला फोन करून विचारलं, "रविवारी तो खुंट्यांचा पट मला घेता येईल का? तो शेवट त्याच्याबरोबर परत मांडायचाय."

आठवड्याची चाल या रविवारपासून सुरू करतोय, पहिला मान त्या वजीर देणारीचा.

काका मात्र अजून आलेले नाहीत. बेळगावच्या साडूंना नव्या खात्यासाठी राजी कसं करावं, यावर कुणाकडे उपाय असेल तर नक्की लिहा. नातवाशी बोलणं झालंय, तो दिवाळीला येणार आहे, पण तोवर काढायला पावसाळा मोठा आहे.