मदत हवी आहे: खांदेदुखीच्या फाइलवर निदान काय लिहायचं?

कोथरूडला फिजिओ ओपीडी आहे. एकाच पेशंटच्या कागदांवर तीन नावं दिसतात: जुन्या चिठ्ठीवर 'इम्पिंजमेंट' (खांद्यातल्या हाडाखाली दोर घासणं), एमआरआयवर 'सुप्रास्पायनेटसचा पार्शल टेअर' (खांद्याच्या एका स्नायूचा दोर अर्धवट फाटणं), आमच्याकडे 'रोटेटर कफशी (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या दोरांशी) निगडित वेदना'. पेशंटचा प्रश्न एकच, "फाटलंय की नाही? ऑपरेशन लागेल का?" ओपीडीत सगळ्यांनी एकसारखं लिहावं असं ठरवतोय. काय लिहावं? मेडिक्लेमच्या फॉर्मवर काय?

प्रतिसाद १
ज्याने उपचार बदलतात तेवढंच नाव वेगळं करा.

आधी आखडलेपणा बघा. पेशंट उताणा, कोपर अंगाशी ९० अंशांत, आणि हात तुम्ही बाहेर फिरवा. दुसऱ्या बाजूच्या निम्माच जातोय आणि पेशंटने स्वतः फिरवला तरी तिथेच अडतोय, तर फ्रोझन शोल्डर (सांध्याचं आवरण आखडणं) किंवा सांध्याची झीज. हा फरक एक्स-रेवर कळतो, त्यामुळे एक्स-रे न बघता 'फ्रोझन' लिहू नका. आकडी येऊन गेलेल्या पेशंटचा मागे निखळलेला खांदाही हुबेहूब असाच अडतो, आणि समोरून काढलेल्या फिल्मवर सहज निसटतो. ॲक्सिलरी व्ह्यू (काखेच्या दिशेने काढलेला एक्स-रे) मागा. फ्रोझन ठरलं तर एचबीएवनसी (मधुमेहाची रक्ततपासणी) करून घ्याच.

तुम्ही फिरवल्यावर हात पूर्ण जातो, पण जोर लावून उचलताना दुखतं: 'रोटेटर कफशी निगडित वेदना'. नीयर, हॉकिन्स या हात उचलून-फिरवून करायच्या टेस्ट पॉझिटिव्ह आल्या म्हणून 'इम्पिंजमेंट' नको. नेमकं काय दुखतंय ते या टेस्ट सांगत नाहीत. हाड घासतं ही सर्जन नीयर यांची १९७२ची मांडणी. २०१८ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या सीसॉ (CSAW) या उपचार-चाचणीत हाड तासण्याची शस्त्रक्रिया आणि नुसती दुर्बीण घालून बाहेर येणं, यांत पेशंटला जाणवेल असा फरक निघाला नाही.

प्रतिसाद २
सहमत, पण 'टेअर' कधीकधी लिहावाच लागतो. स्कूटरवरून पडल्यापासून हात उचलता येत नाही, आणि बाहेर फिरवून धरलेला हात तुम्ही सोडताच आत गळतो (लॅग साइन), तर व्यायामात आठवडे घालवू नका. सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि ऑर्थो, लगेच. एरवी साठीनंतर न दुखणाऱ्या खांद्यातही टेअर सापडतात.

हात डोक्यावर ठेवून बरं वाटत असेल तर मान तपासा, दुखणं तिथून येत असू शकतं. पन्नाशीपुढे दोन्ही खांदे सकाळी पाऊण-एक तास आखडत असतील तर ईएसआर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या).

प्रश्नकर्ता
आणि पेशंटला काय सांगायचं?

प्रतिसाद १
रिपोर्टमधला शब्द लपवू नका, तो कुठे बसतो ते सांगा: "या वयात असे बदल बऱ्याच जणांच्या खांद्यात दिसतात. स्नायूंचे दोर दुखावलेत, भार हळूहळू वाढवायचा. बारा आठवडे धरून चाला." नुसतं 'फाटलंय' ऐकलेला पेशंट हात हलवायलाच घाबरतो.

फॉर्मवर आयसीडी-१० (आजारांच्या कोडची यादी): कफला एम७५.१, फ्रोझनला एम७५.०. निदान ठरलंच नसेल तर सरळ एम२५.५, सांधेदुखी. इम्पिंजमेंटचा एम७५.४ यादीत आहे, म्हणून वापरलाच पाहिजे असं नाही.