सिनेमातले फादर पोलिसांना फोन का करतात?

गिरीजकर
काल टीव्हीवर एक जुना हिंदी सिनेमा लागला होता. खलनायकाचा माणूस कन्फेशनच्या खोक्यात येऊन खून कबूल करतो आणि पुढच्याच प्रसंगात फादर इन्स्पेक्टरला फोन लावतात. आमच्या घरात गलका. आई म्हणाली, "आधी ह्या फादरला बाहेर काढा!"

आईचं बरोबरच होतं. पापनिवेदनात ऐकलेलं फोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो, आणि तो बहिष्कार उठवायचा अधिकार थेट रोमकडे. १२१५च्या लॅटरन परिषदेतही (रोममधली चर्चची मोठी सभा) गुप्ततेचा हा नियम आहे. नुसतं गप्प बसूनही भागत नाही. दानपेटीतले पैसे मीच उचलले, असं चर्चच्या नोकराने पापनिवेदनात सांगितलं, तर तेवढ्यावरून त्याला कामावरून काढता येत नाही!

लग्नाचंही तेच. आम्हा कॅथलिकांत फादर लग्न लावत नाहीत. वधूवरच एकमेकांना तो संस्कार देतात, फादर चर्चतर्फे साक्षीदार. आणि "कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला" हे अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातलं. आमच्याकडे हरकती आधीच विचारतात, रविवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) घोषणा करून. ऐन वेळी हिरो धावत येतो तो उशिराच आलेला असतो.

सिनेवेडा
सिनेमा म्हणजे धर्मशिक्षणाचा तास नव्हे. आमच्या लग्नाचं काय करतात बघा : अंतरपाट गायब, मंगलाष्टका गायब, दीड मिनिटात सात फेरे. सप्तपदी म्हणजे फेरे नव्हेत, हे कुठल्या दिग्दर्शकाला ठाऊक आहे? आम्ही धागे काढतो का?

मुक्काम_मडगाव
काढता की! नऊवारी चुकीची नेसवली म्हणून दोनशे प्रतिसाद पडतात इथे.

माझं दुखणं वेगळं. 'निष्कलंक गर्भसंभव' हा शब्द इंग्रजी सिनेमात हटकून येशूच्या जन्मासाठी वापरतात, म्हणजे पुरुषाविना झालेला गर्भ वगैरे. अहो, तो येशूच्या आईबद्दल, मरियेबद्दल आहे. तिची आई आन्ना, तिच्या पोटी मरियेचा गर्भ राहिला त्या क्षणापासून ती आदिपापापासून (माणूस जन्मतःच घेऊन येतो त्या पापापासून) मुक्त होती, एवढंच. पोप नववे पायस यांनी १८५४ साली तसं जाहीर केलं. कॅलेंडर बघितलं तरी कळेल : निष्कलंक गर्भसंभवाच्या नावाच्या पणजीच्या चर्चचं फेस्त (सण) ८ डिसेंबरला, मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला (बांद्र्याची मोत माउलीची जत्रा त्याच सुमारास). मोजा महिने.

होळीवाली
मी कॅथलिकच, पण मला सिनेमावाल्यांचा राग येत नाही. आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीतल्या लोकांत) विचारून बघा, निम्मे लोक हीच चूक करतील. मीही लग्न होईपर्यंत करत होते.

गिरीजकर
काकू, मान्य. पण माझा मुद्दा भावना दुखावल्याचा नाहीच. खरा नियम पाळला तर गोष्ट जास्त रंगते. हिचकॉकचा १९५३चा 'आय कन्फेस' घ्या. खुनी फादरकडे पापनिवेदन करतो, संशय फादरवरच येतो, आणि ते तोंड उघडू शकत नाहीत. अख्खा सिनेमा त्या एका नियमावर उभा आहे. आमच्या सिनेमातल्या फादरनी फोन लावला आणि गोष्टीतली हवाच गेली.

सिनेवेडा
चांगलं उदाहरण दिलंत, आता पुढचं मी सांगतो. त्याच सिनेमाबद्दल हिचकॉक फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला काय म्हणाला? आम्हा कॅथलिकांना नियम माहीत असतो, पण बाकीच्या प्रेक्षकांना असा जीव धोक्यात घालून गप्प बसणारा माणूस पटतच नाही. हिचकॉक स्वतः जेझुइटांच्या (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या) शाळेत शिकलेला, तरी त्याला तो सिनेमा करायला नको होता असं वाटलं. म्हणजे नियम पाळूनही फसतो की!

गिरीजकर
त्याचा फसला तो सिनेमा मी तीनदा पाहिलाय. ज्याचा आपण कौतुकाने विषय काढतोय तोही तोच.

तर्कट
बाळबोध शंका. आपल्या सिनेमात हिंदू हिरोसुद्धा त्या खोक्यात जाऊन बसतो. मग त्यालाही हा नियम लागू का?

मुक्काम_मडगाव
बाप्तिस्मा नसेल तर हा संस्कार देताच येत नाही. फादर ऐकून घेतील, कुठे बोलणारही नाहीत, पण आमच्या भाषेत ते 'कुमसार', म्हणजे पापनिवेदन, नव्हे.

तर्कट
मग त्या कालच्या खुन्याचा बाप्तिस्मा झाला होता का? नसेल तर फादर सुटले!

गिरीजकर
नाव रॉबर्ट, गळ्यात क्रॉस, हातात बाटली. हिंदी सिनेमात ह्याहून वेगळा दाखला मागत नाहीत.